दिव्यांग कोट्यातून रुजू होताय? काम मागून घ्या

निवड झाली की घरी पेढे वाटले जातात, वाटायलाच हवेत. पण नेमणुकीचा आदेश मिळाला म्हणून कार्यालयाने तुम्हाला आपलं मानलं, असं होत नाही. मी अल्पदृष्टी असलेली लिपिक आहे. नव्याने येणाऱ्यांना मी एकच सांगते: काम मागून घ्या.

कायदा थोडक्यात. 1995 च्या कायद्यात 3 टक्के आरक्षण होतं, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते किमान 4 टक्के केलं. दिव्यांगत्व किमान 40 टक्के हवं. आरक्षण समांतर असतं, म्हणजे जातींच्या प्रवर्गांना आडवं छेदून जाणारं, आणि त्या पदाला दिव्यांगत्वाचा कोणता प्रकार चालतो हे जाहिरातीत दिलेलं असतं. अर्ज भरण्याआधी तेवढं नीट वाचा.

खरी अडचण रुजू झाल्यावर येते, तीही मायेच्या रूपात. "अहो मॅडम, तुम्ही बसा निवांत, आम्ही करतो." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मग टपालाची आवक-जावक सोडून काही हाती येत नाही. टिपणी कशी मांडायची, नस्ती (फाईल) कशी चालवायची हे कोणी शिकवत नाही. केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारता येत नाही, असं 2016 च्या कायद्याचं कलम 20 सांगतं. अनुभव नसण्याचं मात्र त्या कलमात काही नाही. म्हणून ही माया मला उघड विरोधापेक्षा जास्त घातक वाटते.

पहिल्याच आठवड्यात कार्यालय प्रमुखांना अर्ज द्या. त्याच कलमानुसार वाजवी सोयी पुरवणं शासकीय आस्थापनेवर बंधनकारक आहे. "मला दिसत नाही, सोय व्हावी" एवढंच लिहिलंत तर अर्ज फायलीतच राहतो. नेमकं लिहा: संगणकावर एनव्हीडीए बसवायची परवानगी द्यावी (हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, त्यामुळे निधीचा प्रश्नच नाही), मोठा मॉनिटर द्यावा, परिपत्रकं युनिकोडमध्ये द्यावीत. शेवटची मागणी सोडू नका. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण स्क्रीन रीडर त्याची अगम्य अक्षरं वाचतो. स्कॅन केलेल्या पानावर तर तो मुकाच. ऐकू कमी येत असेल तर बैठकीतल्या तोंडी सूचना लेखी मागा. कुबड्या असतील तर तळमजल्यावर टेबल मागा. त्याच अर्जात कोणतं काम हवंय तेही लिहा. प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

उत्तर आलं नाही तर त्याच कायद्याचं कलम 23 आहे. प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायला हवी. तुमच्याकडे हा अधिकारी कोण, हे आस्थापना शाखेत विचारा.

शेजारच्या टेबलावरच्या धडधाकट सहकाऱ्यालाही हा कायदा सांगून ठेवा. सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. आधीचं पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं.