नाल्ट्रेक्सोन चालू असताना दुखण्याची कोणती गोळी चालते, कोणती नाही

लातूरला आमचं मेडिकल आहे, तिथं काउंटरवर हा घोळ अधूनमधून येतोच. नाल्ट्रेक्सोन घेणारे लोक दोन प्रकारचे. एक दारू सोडायला घेणारे, त्यांना रोज ५० मिलिग्रॅमची अख्खी गोळी. दुसरे वर्षानुवर्षं अंग दुखणारे, फायब्रोमायल्जिया वगैरे, त्यांना काही डॉक्टर त्याच औषधाचा बारका डोस देतात, साधारण दीड ते साडेचार मिलिग्रॅम, बहुतेक वेळा रात्री. औषध तेच, काम वेगळं. पण दोघांची गफलत एकाच ठिकाणी होते, कंबर धरली की घरातल्या डब्यात पडलेली कुणाचीतरी "जरा पावरफुल" गोळी टाकायची अन् झोपायचं.

एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे औषध मेंदूतली अफूच्या जातीच्या औषधांची जागा धरून ठेवतं, आणि आधीच कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवतं पण. म्हणजे ट्रामाडॉल, ही अफूच्या जातीचीच दुखण्याची गोळी, रोज चालू असताना वरून नाल्ट्रेक्सोन घेतलं तर दुखणं कमी व्हायचं सोडा, थोड्याच वेळात घाम, जांभया, नाकातून पाणी, उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, अंगावर काटा, जीव नुसता तळमळतो, आणि हे दोन दिवस पण चालू शकतं. लोकांना वाटतं रिॲक्शन आली किंवा काहीतरी बाधलं, सलाईन लावून घेतात अन् डॉक्टरला गोळ्यांचं सांगतच नाहीत.

म्हणून पहिलं काम, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा काढा आणि पालथ्या करून मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा, दिसत नसेल तर पोराला मोबाईलवर फोटो काढून मोठा करायला सांगा. पुढचं नाव बघून काही कळत नाही, अल्ट्रासेटवर कुठं मोठ्यानं लिहिलेलं नसतं की आत पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल पण आहे. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, पेंटाझोसिन, फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच, यातलं काहीही दिसलं की ते बाजूला ठेवा आणि डॉक्टरला विचारा. खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असतं ते विसरू नका. गावात दुखण्यावर एक इंजेक्शन मारतात, त्यात काय होतं हे विचारायला लाजू नका, पेंटाझोसिन असू शकतं. जुलाबाची लोपेरामाइड पण नाल्ट्रेक्सोनवर नीट काम करत नाही, तिथं ओआरएस बरं.

मग चालतं काय? पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, ही अफूच्या जातीची नाहीत, म्हणून नाल्ट्रेक्सोन त्यांना अडवत नाही. पण किडनी, बीपी, ॲसिडिटी असलेल्यांनी डायक्लो उगं रोज खाऊ नये, ते वेगळंच दुखणं होऊन बसतं. दारूवाल्यांनी तर लिव्हरची तपासणी करूनच नाल्ट्रेक्सोन सुरू करायचं आणि पॅरासिटामॉल किती घ्यायचं ते पण विचारून.

ट्रामाडॉल रोज खाणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन सुरू करायचं असेल तर मधे रिकामे दिवस लागतात, नाल्ट्रेक्सोनच्या ५० च्या अख्ख्या गोळीसाठी साधारण ७ ते १० दिवस, जास्त टिकणाऱ्या औषधांना त्याहून जास्त, बारक्या डोसाला किती ते डॉक्टर ठरवतील. आणि ट्रामाडॉल एकदम तोडायचं नाही, हळूहळू उतरवायचं. २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय, चिठ्ठीशिवाय मागू नका, आम्हाला पण त्रास होतो.

उलट्या बाजूचा धोका मला जास्त भयंकर वाटतो. नाल्ट्रेक्सोन चालू असताना दुखणं थांबत नाही म्हणून कुणी ट्रामाडॉलसारख्या दोन, चार, सहा गोळ्या टाकत जातो, जागा मोकळी झाली की ते सगळं अंगावर येतं, श्वास थांबू शकतो. नाल्ट्रेक्सोन बंद केल्यावर पण शरीराला अफूच्या जातीच्या औषधाचा जुना डोस झेपत नाही, तेवढाच घेतला तरी जीवावर बेतू शकतं.

आता बारक्या डोसाचं खरं सांगतो. आमच्याकडं येणाऱ्या एक मावशी म्हणायच्या, "पहिले काही दिवस नुसती रंगीत स्वप्नं, झोप उडाली, मग डॉक्टरांनी सकाळी घ्यायला लावली." काहींना फरक पडतो म्हणे, पण आठवडे जातात, आणि काहींना काहीच नाही. फायब्रोमायल्जियावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या छोट्या अभ्यासात, २०१३ मध्ये, साडेचार मिलिग्रॅमनं दुखणं डमी गोळीपेक्षा कमी झालं होतं, तर २०२४ च्या डेन्मार्कच्या अभ्यासात ६ मिलिग्रॅमनं १२ आठवड्यांनी डमीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. त्यामुळं कुणी "जादू आहे" म्हणत असेल तर तेवढं मनावर घेऊ नका, आणि "भंकस आहे" म्हणून सोडू पण नका, तुमच्या डॉक्टरशी बोला.

बारकी गोळी इकडं सहज मिळत नाही म्हणून काहीजण ५० ची गोळी ५० मिली पाण्यात टाकतात, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच हे करा. तळाला साका बसतो, बाटली नीट हलवायची, सिरिंजनं मोजायचं, चमच्यानं नाही. कितीचं बनवलं अन् कधी बनवलं ते बाटलीवर लिहा, आणि लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगा, अख्खी गोळी साधारण ७२ तास आधी बंद करायला लावतात. अपघात मात्र सांगून येत नाही, म्हणून खिशात एक चिठ्ठी ठेवा: "नाल्ट्रेक्सोन चालू आहे, इतके मिलिग्रॅम, शेवटचा डोस अमुक वेळी." संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात नेलं काय, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं काय, ती चिठ्ठी वाचली की डॉक्टर मॉर्फिनच्या भरवशावर न राहता दुसरा उपाय बघतात, म्हणून आधारकार्डासोबतच ठेवा आणि घरच्यांना पण सांगून ठेवा.