तारा आणि फुलीची नक्षी: कर्कटक व पट्टीने काढण्याची रीत

इराणमधील वरामीन येथे इमामजादा याह्या हे दफनस्थळ आहे. त्याच्या भिंतींवर 1262 च्या सुमारास काशानच्या कारागिरांनी घडवलेल्या, सोनेरी झळाळीच्या फरशा बसवल्या होत्या. आठ टोकांचा तारा आणि चार टोकदार भुजांची फुली या दोनच आकारांनी तो सारा पृष्ठभाग भरला होता. आज त्यांतील बहुतेक फरशा जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. ही नक्षी पाहताना अवघड वाटते, परंतु शाळेत असताना इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचा भूमितीचा पेपर दिलेल्या कोणालाही ती एका दुपारी काढता येईल.

साहित्य साधेच लागते: ए-फोर आकाराचा जाड ड्रॉइंग पेपर, गुण्या, 30 सेंमीची पट्टी, टोकदार पेन्सिल आणि कर्कटक. यांपैकी कर्कटकावर मात्र काटकसर करू नये. शाळेच्या कंपासपेटीतला कर्कटक दोन-चार वर्तुळांत ढिला पडतो, म्हणून ठाण्यात स्टेशन रोड किंवा गोखले रोडवर स्टेशनरी घेताना फाक स्क्रूने घट्ट होणारा कर्कटक मागावा. पावसाळ्यात येथील दमट हवेने कागद मऊ पडतो आणि केंद्राचे भोक रुंदावत जाते. अशा दिवसांत केंद्रावर चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावून त्यावर टोक रोवावे.

प्रथम 18 × 24 सेंमीचा आयत काढावा आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते बरोबर 30 सेंमी भरले तरच पुढे जावे. एखादा मिलिमीटर कमी-जास्त असेल तर काटकोन चुकला आहे आणि ती चूक शेवटच्या ताऱ्यापर्यंत वाढत जाईल. मग आयताचे 6 सेंमीचे 12 चौरस पाडून त्यांचे कर्ण हलक्या हाताने आखावेत. कर्ण जेथे छेदतात तो प्रत्येक चौरसाचा मध्य होय.

आता कर्कटकाची फाक 3 सेंमी ठेवावी आणि काम संपेपर्यंत तिला हात लावू नये. बगदादमध्ये काम केलेला गणितज्ञ अबुल वफा बुझजानी (940–998) याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात एकाच फाकीने करता येणाऱ्या अनेक रचना दिल्या. त्यातली व्यावहारिक सोय येथे लगेच कळते: फाक बदलली नाही तर सर्व वर्तुळे सारखीच येणार.

प्रत्येक मध्यातून काढलेले वर्तुळ चौरसाच्या बाजूंना चार ठिकाणी स्पर्श करते आणि कर्णांना चार ठिकाणी छेदते. या आठ बिंदूंपैकी एकाआड एक बिंदू जोडले की एकमेकांत अडकलेले दोन चौरस मिळतात, एक सरळ आणि एक तिरका. तिरक्या चौरसाच्या बाजू एका ताऱ्यातून शेजारच्या ताऱ्यात सरळ पुढे जातात, त्यामुळे त्या तुकड्यातुकड्यांनी न काढता कागदभर लांब आखाव्यात; एखादा बिंदू सरकलेला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

शाई फक्त ताऱ्याच्या बाह्यरेषेवर फिरवावी. तिच्या 16 कडा असून प्रत्येक कड सुमारे 1.24 सेंमी भरते. शाई पूर्ण वाळल्यावर आतल्या रेषा, वर्तुळे आणि चौकटी खोडाव्यात. चार ताऱ्यांच्या मधोमध फुली आपोआप उरलेली दिसेल, ती वेगळी काढावी लागत नाही. या नक्षीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. बारा ताऱ्यांत अशा सहा पूर्ण फुल्या मिळतात.

रंगवताना फुल्यांना फिरोजी आणि ताऱ्यांना तपकिरी-सोनेरी छटा दिल्यास जुन्या इराणी फरशांच्या जवळ जाता येते. फरशांमध्ये रेघेएवढी फट असते, तेव्हा रंगही शाईच्या रेषेवर चढू देऊ नये.

हीच नक्षी सोसायटीच्या अंगणात रांगोळीने काढायची असेल तर 120 सेंमीचे चौरस घ्यावेत. वर्तुळासाठी दोरी वापरू नये, कारण ती ताणली जाते. लाकडाच्या पातळ पट्टीला 60 सेंमी अंतरावर दोन भोके पाडून एकात खिळा आणि दुसऱ्यात खडू धरावा. येथे ताऱ्याची प्रत्येक कड 25 सेंमीहून किंचित कमी भरली पाहिजे.