काडावर बुरशी चढवताय? या चुका टाळा

धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीचं प्रशिक्षण घेऊन आलेल्याला वाटतं, गव्हाच्या काडावर तीच बुरशी वाढवून कसदार चारा करणं म्हणजे तेच काम. तिथे आपण अळिंबी खातो. इथे गाय काडच खाते. निम्म्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे काड औषधाच्या पाण्यात भिजवणं. अळिंबीसाठी ही पद्धत सर्रास चालते: 100 लिटर पाण्यात 125 मिली फॉर्मॅलिन, 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, 16 ते 18 तास. जळण लागत नाही ना! मीही एकदा ओळखीच्या माणसाकडून अळिंबीसाठी वापरलेले काडाचे बेड स्वस्तात उचलले, काही न विचारता. गाईनं हुंगून तोंड फिरवलं. मी शहाणा, वरून गुळाचं पाणी शिंपडलं. तिनं खाल्लं, आणि पुढे दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. तेव्हा कुठे मी फोन करून विचारलं, काड कशात भिजवलं होतंस? फॉर्मॅलिन उडून जातं म्हणतात. बुरशीनाशक कुठे उडणार? आता माझ्याकडे फक्त चूल. काड रात्रभर साध्या पाण्यात, मग तासभर 80 अंशांच्या पाण्यात. एवढा खटाटोप नको असेल तर या भानगडीत पडूच नका.

दुसरी चूक घाईची. आठव्या दिवशी काड आणि स्पॉन (बुरशीचं बियाणं) भरलेली पिशवी पांढरी दिसली की फोन येतो, "दादा, घालू का?" बुरशी आधी काडातलं सोपं अन्न खाते, लिग्निनला, म्हणजे काड कडक करणाऱ्या घटकाला, हात नंतर घालते. ते सुटल्याशिवाय गाईच्या पोटातल्या जिवाणूंना आतलं सेल्युलोज, म्हणजे पचणारा तंतू, मिळत नाही. मी महिनाभर थांबतो. उलट अळिंबीचे तीन तोडे घेऊन उरलेला चोथा दावणीत टाकणारेही आहेत. तो खतात जाऊ द्या. बुरशीही काडावरच जगते, त्यामुळे वजन घटतं. प्रथिनांची टक्केवारी चढलेली दिसते, त्यात या घटीचाही वाटा असतो.

युरिया घातलेल्या काडावर धिंगरी लावू नका. अमोनियावर शाईसारख्या विरघळणाऱ्या रानछत्र्या माजतात.

काड मुठीत दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत, धार नको. पिशवीला भोकं हवीतच, लिग्निन फोडायला हवा लागते.

हिरवा, पिवळा, काळा डाग दिसला तर अख्खी पिशवी उकिरड्यावर. "डाग तेवढा काढला" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बुरशीचे धागे डागापुरते नसतात, आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं.

सुरुवात ओंजळभर, तीही कडब्यात मिसळून. गाय आधी स्पॉनचे ज्वारीचे दाणेच वेचून खाते. त्यावरून चारा आवडला असं समजू नका.