लॅपटॉप ‘आउटडेटेड’ ठरवताना या चुका टाळा

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 त्यावर बसत नाही म्हणून धडधाकट लॅपटॉप कवडीमोलाने विकायला निघाले. विकणारेही घाई करतात, घेणारेही.

घेणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे ‘आय7 आहे ना, मग झालं!’ सेकंडहँड बाजारात आय7-7500यू प्रोसेसरचा लॅपटॉप याच भरवशावर खपतो. विंडोज 11 ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरांच्या यादीत मात्र आय3-8130यू आहे, हा आय7 नाही. डॅशनंतरचा आकडा पिढी सांगतो: 7500 म्हणजे सातवी, 8130 म्हणजे आठवी. मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी लागते, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये साधारण रायझन 3000 पासून पुढे. दुकानदार ‘इलेव्हन टाकून देतो’ म्हणाला तरी भुलू नका. तपासणी चुकवून टाकलेल्या विंडोजला अपडेटची हमी नसते. दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच चढवावी लागते, आणि घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

दुसरा घोळ बायोसमधला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधला. प्रोसेसर यादीत बसतो, पण ‘टीपीएम 2.0 नाही’ असा मेसेज येतो. टीपीएम म्हणजे विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा-सोय. बहुतेक वेळा तो फक्त बंद असतो. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा. इथपर्यंत ठीक. पण उतावळा माणूस त्याच फेरीत लॅपटॉप सुरू होण्याची जुनी पद्धत, लेगसी मोड, बदलून नवी यूईएफआय करतो. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोज सुरूच होत नाही, आणि घाबरून सगळं फॉरमॅट होतं. गरज नसते. मोड परत लेगसी करा, विंडोज उघडेल. बॅकअप घ्या, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सस्पेंड करा, त्याची रिकव्हरी की कागदावर लिहा. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून एमबीआर2जीपीटी हे डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं टूल चालवा: आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एखादं लॉजिकल पार्टिशन असेल तर व्हॅलिडेट तिथेच अडतं. मोड बदलायचा तो सगळ्यात शेवटी.

एसएसडी टाकली की लॅपटॉप पळतो, सपोर्टची तारीख तसूभरही हलत नाही.

क्रोमबुकच्या अपडेटची दहा वर्षं तुमच्या बिलापासून नव्हे, ते प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’खाली अपडेट संपण्याची तारीख बघूनच पैसे द्या.

इंटेल मॅकबुक आता स्वस्त मिळतोय म्हणून उडी मारू नका. मॅकओएस 26 ही इंटेल मॅकची शेवटची आवृत्ती, तीही मोजक्याच मॉडेलवर चालते.

आणि जुना लॅपटॉप खरंच बसत नसेल, तर विंडोज 10 च्या 22एच2 आवृत्तीवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने ईएसयूमध्ये (वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत) नाव नोंदवा. सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात.