आउटलुकमधील बैठकांची यादी मॅक्रोने काढताना

आउटलुकच्या कॅलेंडरमधून आठवड्याच्या बैठकांची यादी काढून ती ईमेलने पाठवण्याचे काम व्हीबीए मॅक्रोकडे, म्हणजे ऑफिसच्या व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामकडे, सोपवता येते. मात्र त्यासाठी विंडोजवरील क्लासिक आउटलुक लागते, कारण नव्या आउटलुकमध्ये व्हीबीए चालत नाही. ऑल्ट आणि एफ११ या कळा एकत्र दाबून कोड लिहिण्याचा संपादक उघडावा आणि गेटडीफॉल्टफोल्डर (GetDefaultFolder) या आज्ञेला ९ हा क्रमांक देऊन कॅलेंडरचा फोल्डर मिळवावा.

खरी काळजी यापुढे घ्यावी लागते. दर आठवड्याला होणारी बैठक फोल्डरमध्ये एकच नोंद म्हणून साठवलेली असते. तिची प्रत्येक वेळ स्वतंत्रपणे हवी असल्यास आयटेम्स हा फोल्डरमधील नोंदींचा संग्रह एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवून आधी स्टार्टनुसार, म्हणजे सुरुवातीच्या वेळेनुसार, चढत्या क्रमाने लावावा, मग पुन्हा पुन्हा होणाऱ्या बैठका सामावून घेणारे इन्क्लूडरिकरन्सेस (IncludeRecurrences) ट्रू करावे आणि त्यानंतरच रिस्ट्रिक्टने तारखांची मर्यादा घालावी. हा क्रम चुकला तर यादी चुकीची येऊ शकते आणि ते सहजासहजी लक्षातही येत नाही, म्हणूनच मी यावर भर देतो. अशा संग्रहाच्या काउंटवरही, म्हणजे नोंदींच्या संख्येवरही, विसंबू नये. एकेक नोंद क्रमाने घेणारे फॉर ईच वापरावे.

ईमेल क्रिएटआयटेम (CreateItem) या आज्ञेला ० देऊन तयार होतो. सुरुवातीचे काही दिवस सेंडऐवजी डिस्प्ले वापरावे, म्हणजे पाठवण्यापूर्वी मजकूर डोळ्यांखालून घालता येतो.