गर्भपिशवी काढल्यानंतरच्या हार्मोन गोळ्या: नाशकात खर्च कसा आवरायचा

बेचाळिसाव्या वर्षी माझी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. नंतर गरम वाफा, रात्री घामाने भिजणं आणि झोपेचं खोबरं सुरू झालं. डॉक्टरांनी इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं हार्मोन, गोळीतून दिलं आणि पन्नाशीपर्यंत तरी घ्यावं लागेल, असं सांगितलं. इतक्या लवकर अंडाशयं गेली की हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठीही ते लागतं. म्हणजे हा घरखर्चातला वर्षानुवर्षांचा आकडा. मी अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेब बघते, म्हणून हाही हिशेब नीट मांडला. तो तुमच्याही कामी यावा असं मनापासून वाटतं, कारण पैशापायी गोळ्या सोडून दिलेल्या बायका मी माझ्या आजूबाजूला बघते.

पहिली बचत डॉक्टरांच्या समोरच होते. चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून मागा: जसं, इस्ट्राडायोल व्हॅलरेट (हे इस्ट्रोजेनच), किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. या नावाशिवाय स्वस्त पर्याय शोधताच येत नाही. मग सरळ विचारा, "मला गोळी चालेल की जेलच हवं?" जेल साधारणपणे महाग पडतं. पण रक्ताची गुठळी होण्याचा धोका असलेल्या बाईसाठी त्वचेतून जाणारं इस्ट्रोजेन जास्त सुरक्षित असतं, तिथे पैशाकडे बघू नका. त्रास फक्त कोरडेपणाचा आणि लघवीच्या जळजळीचा असेल, तर योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं क्रीम पुरतं का, तेही विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर स्वस्त-महाग हा विषय नंतरचा. आधी डॉक्टर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी काढलेली असेल तर सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं, प्रोजेस्टेरॉन या सोबतच्या दुसऱ्या हार्मोनचा खर्च वाचतो. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) होता, अशांना डॉक्टर वेगळं सांगू शकतात. पिशवी जागेवर असेल तर मात्र प्रोजेस्टेरॉन हवंच. पंचवटीतली माझी मावसबहीण महागडं म्हणून तेच पाकीट वगळायला निघाली होती. तिला हात धरून थांबवलं. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कर्करोगाचा धोका उभा राहतो. काटकसर इथे करायची नाही. डोसही आपल्या मनाने अर्धा करायचा नाही.

तपासण्यांचंही विचारा. पंचेचाळिशीनंतर पाळी जाताना निदान बहुतेक वेळा लक्षणांवरूनच होतं, एफएसएच ही हार्मोनची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करायची गरज पडत नाही. रक्तदाब तपासणं आणि वयानुसार मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) यांवर मात्र पैसे वाचवू नका.

चिठ्ठी हातात आली की मोबाईलवर 'फार्मा सही दाम' उघडा. हे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं अ‍ॅप आहे. त्यात एकाच औषधाचे वेगवेगळे ब्रँड आणि त्यांच्या किमती दिसतात. पट्टीच्या किमतीवर जाऊ नका, कारण एका पट्टीत २८ गोळ्या असतात, दुसरीत १०. किंमत भागिले गोळ्या, एवढं गणित करा. जेलची बाटली किती दिवस पुरते ते काढून तिचाही रोजचा खर्च मांडा. स्वस्त ब्रँड सापडला की डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, जाण्याआधी 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर औषधाचं नाव टाकून बघा आणि केंद्रात फोन करा. प्रत्येक केंद्रात हार्मोनची प्रत्येक गोळी मिळेलच असं नाही. पण सोबतचं कॅल्शियम तिथून घेतलं तरी महिन्याच्या बिलात फरक पडतो.

बाकीच्यासाठी मी गोळे कॉलनीत, नाशिकच्या औषधांच्या ठोक बाजारात, जाते. तिथलं प्रत्येकच ठोक दुकान एकट्यादुकट्या गिऱ्हाईकाला माल देतं असं नाही. जी किरकोळ विकतात तिथे तीन महिन्यांचं एकदम घेताना छापील किमतीवर किती सूट देता, हे मोकळेपणाने विचारा. पहिल्यांदाच सुरू करत असाल तर एकच महिन्याचं घ्या, सोसलं नाही तर उरलेल्या पट्ट्या पडून राहतात. बिल घ्याच, त्यावर बॅच नंबर हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलात तोही बघा.

डॉक्टरांची फीच जड जात असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. स्त्रीरोग ओपीडीला सकाळी लवकर जा, जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत ठेवा. लिहून दिलेली गोळी आतल्या औषध खिडकीवर नसेल तरी चिठ्ठी तर फुकट मिळते.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी पगाराची स्लिप काढून बघा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ०.७५ टक्के ईएसआयला (कामगार राज्य विमा योजनेला) कापले जात असतील, तर औषधाचा हक्क तुमचाच आहे. नवऱ्याच्या नावावर ईएसआय असेल तर बायकोलाही तो मिळतो. माझी जाऊ पगारातून पैसे कापून घेत होती आणि औषध बाहेरून विकत आणत होती. आता ती ईएसआयच्या दवाखान्यातच जाते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेकडून या गोळ्यांची आशा धरू नका. ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. खासगी मेडिक्लेमचंही बहुधा तसंच असतं, पण पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते एजंटाकडून लेखी घ्या.

पट्टीत दहा गोळ्या उरल्या की दुकानात फोन करून ठेवा. माल नाही म्हणाले तर मूळ नावाने दुसरा ब्रँड शोधून डॉक्टरांना विचारायला तेवढे दिवस हाताशी राहतात.