घरात मारहाण होतेय, पण केस करायची नाहीये, मग जायचं कुठे?

बहुतेक बायकांना दोनच रस्ते माहीत असतात, एकतर गप सहन करायचं नाहीतर 498अ टाकायची (नवऱ्याने, सासरच्यांनी केलेल्या छळाची फौजदारी केस, ते आता न्याय संहितेत कलम 85 झालंय), आणि नवरा आत गेला तर पोरांची फी कोण भरणार या भीतीने बाई पहिल्याच रस्त्यावर राहते. पण मधे बरंच काही आहे आणि ते बहुतेक फुकट आहे.

आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल तर सरळ 112. बाकी सल्ला हवाय, जवळ काय सोय आहे कळत नाहीये, तर 181, ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. फोन झाला की कॉल हिस्टरी डिलीट करा, नवरा मोबाइल चेक करत असेल तर शेजारणीच्या फोनवरून करा.

निघायची वेळ आली आणि माहेरी लगेच जाता येत नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर. पोरांना घेऊन काही दिवस राहता येतं, डॉक्टर, वकील, पोलीस, समुपदेशन यांची मदत तिथूनच मिळते. जास्त दिवस लागणार असतील तर पुढे निवारागृहात सोय करून देतात.

आता पोलीस स्टेशन. तिथे बऱ्याचदा एनसी (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) लिहून "समजुतीने घ्या" म्हणत घरी पाठवतात. म्हणून मी तरी सांगेन की आधी महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष कुठे आहे ते विचारा. 1984 साली टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) मुंबई पोलिसांसोबत तो सुरू केला, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे, बसतात पोलिसांच्याच आवारात पण बोलायला समाजकार्यकर्त्या असतात, आणि तिथे गेलात म्हणजे केस झालीच असं काही नाही. काही शहरांत भरोसा सेल, म्हणजे पोलिसांचं महिला-मुलांसाठीचं मदत केंद्र पण आहे.

मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि कुणी मारलं ते डॉक्टरला खरं सांगा, कृपा करून "बाथरूममध्ये पडले" नको, कारण तोच कागद पुढे कोर्टात बोलतो. मुंबईत महापालिकेच्या काही हॉस्पिटलांत दिलासा केंद्र आहे, पहिलं वांद्र्याच्या भाभामध्ये निघालं, तिथे पट्टी बांधण्याबरोबर ऐकून घेणारं माणूसही भेटतं.

सगळ्यात कमी वापरला जातो तो 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी तुमचा घटना अहवाल भरून देतात, तो मॅजिस्ट्रेटकडे जातो, आणि मागता काय येतं बघा, मारहाण थांबवायचा आदेश, घराबाहेर काढू नये म्हणून आदेश (घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी मागता येतो), खर्च, पोरांचा ताबा. यात नवऱ्याला लगेच अटक नाही, पण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पैशाचा त्रास, सारखे टोमणे, शिव्या हेही यात हिंसाच धरतात, फक्त वळ दाखवावे लागतात असं नाही. वकिलाला पैसे नाहीत तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर 15100, बाई असेल तर उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो.

पोरांच्या बाबतीत मात्र नियम वेगळा. लेकराला मारतायत, उपाशी ठेवतायत तर 1098, शेजाऱ्यानेही करावा. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागतो आणि तिथे "घरातच मिटवू" हा मार्ग उरत नाही, माहीत असून कळवलं नाही तर तोच गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. मामा असो नाहीतर आजोबा. जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी येते, गणवेशात नाही, आणि मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, रात्री मुलाला चौकीत ठेवता येत नाही. पोराला घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं खोदून विचारत बसू नका, जे स्वतःहून बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. अशा केसमध्ये राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतही मिळते, विधी सेवावाल्यांना तीही विचारा.

आणि कुठेही जायच्या आधी आधार, रेशन कार्ड, पासबुक, पोरांचे जन्मदाखले यांचे फोटो बहिणीला व्हॉट्सॲप करून आपल्या फोनमधून उडवून टाका, शक्य असेल तर ओरिजिनल कागदही हळूहळू तिच्याकडे हलवा, कारण भांडणात सगळ्यात आधी कपाटाची चावीच गायब होते.